‘बंद पडलेलं मशीन अजून का ठेवलंय?’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

गणपतीत तुम्ही मुलांना घेऊन रत्नागिरीतल्या आमच्या गेमिंग पार्लरमध्ये आलात आणि नंतर २ स्टार दिलेत. तुमचं म्हणणं असं की कंट्रोलर मधेच बंद पडला. शिवाय निन्टेंडो या जपानी कंपनीनं बंद केलेला वी यू, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन, आम्ही अजून ठेवलाय, खपत नव्हता तर कंपनीनं तो दुसऱ्याच वर्षी बदलायला हवा होता.

कंट्रोलरचं अगदी खरं. आमच्या खाऱ्या, दमट हवेत सेलच्या पट्ट्यांवर हिरवट थर धरतो. रोज सकाळी पुसतो, त्या दिवशी गर्दीत राहून गेलं. चूक आमची. मेसेज करा, अर्ध्या तासाचे पैसे लगेच पाठवतो.

दुसरं मात्र पटत नाही. वी यू बाजारात पडला हे मान्य. त्यांचंच आधीचं मशीन वी १० कोटींवर खपलं, हा जेमतेम १ कोटी ३५ लाख. पण तो आला नोव्हेंबर २०१२ मध्ये आणि त्यावरचा मारिओ कार्ट ८ हा गेम आला मे २०१४ मध्ये, म्हणजे तुम्ही म्हणता त्या दुसऱ्याच वर्षी! तेव्हाच गुंडाळला असता तर पैसे मोजून घेतलेल्यांच्या हातात काय उरलं असतं?

सेगा या दुसऱ्या गेम कंपनीनं ती घाई केली. त्यांचं सॅटर्न हे मशीन अमेरिकेत १९९५ ला आलं आणि १९९७ मध्ये कंपनीचेच लोक सांगू लागले की आमचं भविष्य यात नाही. त्यांचं पुढचं मशीन ड्रीमकास्ट तिथे पोचायला सप्टेंबर १९९९ उजाडला. मधली दोन वर्षं गिऱ्हाईक वाऱ्यावर. ड्रीमकास्टही २००१ मध्ये बंद झाला. त्याला सोनीच्या प्लेस्टेशन २ शी असलेल्या स्पर्धेचं कारण होतंच, पण एकदा पोळलेला माणूस पुन्हा पैसे टाकताना दहादा विचार करतो, हे मी गल्ल्यावर बसून रोज बघतो.

उलट निन्टेंडोचंच हातात धरून खेळायचं मशीन ३डीएस बघा. २०११ मध्ये अमेरिकेत २५० डॉलरला आला, उठाव नव्हता. पाचच महिन्यांत किंमत १७० वर आणली, आधी घेतलेल्यांना २० गेम फुकट दिले. पुढे तोच साडेसात कोटींवर गेला. आधी किंमत उतरवा, चांगले गेम द्या. तरी हललं नाही आणि नवं मशीन खरंच तयार असेल, तर बदला. वी यूचं तसंच झालं. मार्च २०१७ मध्ये निन्टेंडोचं नवं मशीन स्विच आलं, आणि त्याच दिवशी झेल्डाचा नवा गेम वी यूवरही मिळाला.

आमचा वी यू आतेभावानं दुबईहून आणलेला. एक पोरगं स्क्रीनवाला पॅड छातीशी धरून पळवाटा शोधतं, बाकीची चार टीव्हीकडे बघत ‘तिकडं, तिकडं!’ ओरडत त्याच्या मागे लागतात. तुमची धाकटीही त्यात होती, कंट्रोलर बंद पडेपर्यंत. म्हणून तो काढणार नाही.

दिवाळीत या. नवे सेल घालून ठेवतो, पहिला अर्धा तास आमच्याकडून.