स्वहस्ते हजामत

जुलै २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली आणि आख्खं गाव ती बघायला लोटलं. बघून बाहेर पडलेल्या प्रत्येक सातारकराची चाल जरा बदललेली असायची. कुणी मिशीला पीळ भरला, कुणी पोराला दांडपट्टा शिकायला घातलं. मी बँकेत नोकरी करतो. मला मिशी शोभत नाही, आणि मुलगा गणितात कच्चा असल्यामुळे दांडपट्ट्याला घरून परवानगी मिळण्यासारखी नव्हती. म्हणून मी वस्तरा घेतला.

सलूनमध्ये अर्धं ब्लेड अडकवून वापरतात, तो नव्हे. अखंड पोलादी पात्याचा, मुठीत मिटणारा, जुन्या चालीचा खरा वस्तरा. हिला त्यामागचं अर्थशास्त्र समजावून सांगितलं. चार-पाच पात्यांची ती रेझरची डोकी दुकानदार हल्ली काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवतो, यातच काय ते आलं. उलट वस्तरा एकदा घेतला की नातवापर्यंत चालतो.

"आधी तुम्ही पोचा नातवापर्यंत," ही म्हणाली आणि भाजी परतायला लागली.

अमेरिकेत जिलेटने सुरक्षित रेझर बाजारात आणला तो १९०३ साली. त्या पहिल्या वर्षात रेझर खपले फक्त ५१, आणि पाती १६८. बाकी सगळा देश त्या वर्षीही वस्तऱ्यानेच दाढी करत होता, एवढंच माझ्या लक्षात राहिलं. ती एक्कावन्न माणसं किती शहाणी होती, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

वस्तरा झोलिंगेनचा. जर्मनीतलं हे गाव पात्यांसाठी इतकं नावाजलेलं की त्या नावाच्या रक्षणासाठी १९३८ मध्ये कायदाच झाला: त्या भागात न घडलेल्या पात्यावर ते नाव कोरता येत नाही. असा कायदा कंदी पेढ्याला लागू झाला तर हायवेवरच्या कितीतरी पाट्या रातोरात उतरतील. असो. पातं पाच अष्टमांश इंच रुंद, म्हणजे साधारण १६ मिलिमीटर. नवशिक्याला हेच माप बरं म्हणतात. पाठ जाड, आणि तिथून दोन्ही अंगांनी कोरत कोरत धारेपाशी इतकं पातळ केलेलं की नखावर हलकं दाबलं तर धार लवते. मी ते दिवसभर नखावर दाबत बसलो.

पण कारखान्यातून आलेल्या धारेने सहसा दाढी होत नाही. शेवटचा हात मालकाने फिरवायचा असतो. धार तयार झाली का, हे बघायची जुनी रीत अशी: एक केस चिमटीत लोंबता धरायचा आणि धार त्याला नुसती टेकवायची. केस तुटला पाहिजे. माझ्याकडे केसांचा साठा बेताचा. जे उरलेत त्यातले बरेचसे कानांवर आहेत. म्हणून हिच्याकडे एक केस मागितला. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं काही मी कधी मागितलं नव्हतं, त्यामुळे "कशाला हो?" विचारताना तिचा आवाज चांगलाच मऊ झाला होता. कारण ऐकल्यावर तिने फणीतलं गुंतवळ काढून माझ्या हातावर ठेवलं.

मग दगड आले. एक हजार नंबरचा, एक चार हजारचा, एक आठ हजारचा. नंबर वाढेल तसा दगडाचा कण बारीक आणि खिसा हलका. दगडावर पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकवून धार पुढे ठेवून सरकवायची. त्यानंतर चामड्याचा पट्टा, आणि तिथे सगळं उलटं: पाठ पुढे, धार मागे. टोकाला गेल्यावर वस्तरा पाठीवर पलटवायचा, धारेवर कधीच नाही. हे मी स्तोत्रासारखं घोकलं होतं. चामड्याला त्याची कल्पना नसावी. पहिल्या आठवड्यातच त्याच्यावर एक सुबक कोयरी उमटली.

शेजारच्या काकूंना हा सगळा खटाटोप कळेना. "अहो, तो सायकलवर चाक फिरवत येतो ना धारवाला, त्याला द्या की. माझी विळी तोच करतो." मी त्यांना समजावलं की चाकावर पातं तापतं, ठिणग्या उडतात आणि पोलादाचं पाणी उतरतं. काकूंनी मान डोलावली आणि हिला बाजूला घेऊन विचारलं, "बँकेत सगळं ठीक आहे ना?"

पट्टा बाथरूमच्या दाराच्या कडीला अडकवायचो. सकाळी सटासट आवाज घुमायचा. एकदा मुलाचा मित्र वही मागायला आला आणि उंबऱ्यातच थबकला. "काका मारतायत?" त्याने हळूच विचारलं. "रोजच असतं," असं सांगून आमचे चिरंजीव वही शोधायला गेले. त्या मित्राची आई हल्ली मोती चौकात दिसली तर हिच्याशी भरभरून बोलते. माझ्याकडे बघत नाही.

दाढी. सुरुवातीला फक्त गाल करावेत, हनुवटी आणि ओठाच्या वाटेला जाऊ नये, असं जाणकार सांगतात. त्याआधी म्हणे आपल्या चेहऱ्यावर कुठे केस कोणत्या दिशेने वाढतात ते बोट फिरवून ओळखायचं. पहिला हात त्या दिशेनेच मारायचा. मी बोट फिरवलं. गालावर सगळे केस शिस्तीत खाली. गळ्यावर डावीकडे वर, उजवीकडे आडवे, आणि डाव्या जबड्याच्या कोपऱ्याखाली चक्क भोवरा. पन्नाशीला आलेल्या माणसाला स्वतःच्या गळ्यावर भोवरा सापडावा! या चेहऱ्याचा सातबारा माझ्या नावावर असला तरी वहिवाट इतकी वर्षं न्हाव्याचीच होती.

वस्तरा त्वचेशी तीस अंशात धरायचा. कमी झाला तर केस ओढले जातात, जास्त झाला तर कातडीच सोलली जाते. मी मुलाच्या कंपासमधला कोनमापक गालाला लावून आरशात बघत होतो, तेव्हा तो गणितातला कच्चा मुलगा मागून म्हणाला, "बाबा, ते एकशे पन्नास आहेत."

उजवा गाल निभावला. डाव्या गालाला उजवा हात नेला की मनगट नाकासमोर येतं आणि आरशात नुसती मूठ दिसते. तेव्हा डावा हात तयार करायला हवा. माझ्या डाव्या हाताने आयुष्यभर फक्त घड्याळ वागवलं आहे. त्याच्याकडे अचानक पोलाद सोपवल्यावर तो थरथरला, त्याचं चूक नाही. शिवाय दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची, आणि साबणाने ती मासोळीसारखी निसटते. इथे मात्र एक युक्ती कामी आली: ओली तुरटी बोटांना चोळायची, पकड घट्ट बसते. कासच्या पाण्याला फेसही दाट येतो. त्या फेसाकडे बघत मी बराच वेळ घालवायचो, कारण फेस पुसला गेला की काम सुरू करावं लागायचं.

यथावकाश गाल सोडून गळ्याला हात घातला. घरात बाथरूम एक. वस्तरा बरोबर कंठमण्यावर टेकलेला, श्वास रोखलेला, आणि दारावर थाप.

"अहो, गॅसवाला आलाय. सुट्टे कुठायत?"

कंठमण्यावर धार असताना माणूस बोलत नाही. मी गप्प.

"अहो?"

गप्प.

"अहो!" आता आवाजात काळजी. मागून आईचा सूर लागला, "मी आधीच म्हणत होते, हत्यार घरात नको." कोयंडा हलला. मग एक अनोळखी, पण अत्यंत मदतशील आवाज आला: "वहिनी, सरका. खांद्यानं तोडू का दार?"

"शर्टात!" मी ओरडलो. या शब्दातल्या 'ट'ला कंठमणी वर उसळी घेतो. ही माहिती मला तोवर नव्हती.

तुरटीचा खडा लावल्यावर जे झोंबतं त्याचं वर्णन करणार नाही. भिंतीपलीकडच्या काकूंनी ते ऐकलं आहे. गळ्याला वर्तमानपत्राचा कपटा चिकटवून बँकेत गेलो. पहिल्या खातेदाराने पासबुक पुढे केलं आणि तसाच माझ्याकडे बघत राहिला. "साहेब, तुम्ही अजिंक्यताऱ्याच्या अंगाला राहता ना?" "हो." "बिबट्या?"

त्यात पावसाळा. साताऱ्याच्या पावसात बनियन चार-चार दिवस वाळत नाही, तिथे कार्बन पोलाद कसं कोरडं राहणार? दाढी झाली की पातं पुसायचं, वाळवायचं, तेलाचा हात द्यायचा. खोबरेल लावून पाहिलं, थंडी पडल्यावर ते पात्यावरच गोठलं. शेवटी हिच्या शिलाई मशीनचं तेल घेतलं. हिने बाटलीवर रेघ मारून ठेवली आहे.

गळ्याची रया बघून अखेर राजवाड्याजवळच्या आमच्या सलूनमध्ये गेलो. तिथले मामा आता सत्तरीला आलेत. आरशावर जिवा महालांचं चित्र आहे. प्रतापगडावर १० नोव्हेंबर १६५९ ला सय्यद बंडाचा हात ज्यांनी उडवला, ते. "होता जिवा म्हणून वाचला शिवा" हे मामा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवतात, आणि ते ऐकवताना हात कानाच्या आसपास असतो, त्यामुळे कुणी वाद घालत नाही. मामा स्वतः ब्लेडचे दोन तुकडे करून अर्धं लावतात, गिऱ्हाईक उठलं की ते टाकून देतात. संसर्ग नको म्हणून अखंड वस्तरा त्यांनी कधीच बंद केला.

मामांनी माझी हनुवटी वर केली, गळा उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"कुणी केलं ह्ये?"

"मीच."

"आसं व्हय." मामांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मला वाटलं, दुसऱ्या सलूनात गेलतासा."

मग अंगठा गळ्यावर फिरवत थेट त्या भोवऱ्यावर आणून ठेवला. "हितं खालनं वर जायचं न्हाय. आडवं जायचं. लग्नाच्या दिवशीबी तुमाला हितंच रगत आलतं. हळदीत दिसलं न्हाय कुणाला."

मी खिशातून वस्तरा काढून दिला. मामांनी तो उघडला, अंगठ्याच्या नखावर टेकवला, उजेडात तिरपा धरला, पुन्हा नखावर टेकवला.

"धार कुणी लावली?"

"मीच."

"धार झ्याक हाय," मामा म्हणाले. "हात तेवढा दुसऱ्याचा आना."

तेव्हापासून गाल आणि हनुवटी माझ्याकडे आहे, भोवरा मामांकडे. धारेची बातमी मात्र मामांच्या दुकानातून गल्लीत पोचली. हजार नंबरचा दगड विळीला उत्तम चालतो, ही गोष्ट मी शेजारी बोलायला नको होती. काल बँकेतून आलो तर ओट्यावर तीन विळ्या आणि एक अडकित्ता.

"दोन काकूंच्या, एक त्यांच्या जावेची," ही म्हणाली. "अडकित्ता आजोबांचा आहे, आजच हवाय. आणि तो सायकलवाला धारवाला येऊन गेला. विचारत होता, तुम्ही एका विळीचे किती घेता?"