‘अस्सल बिल्ल्याच्या पाच खुणा’ वाचून वस्तू मोडीत काढू नका

‘लष्करी टोपीचा बिल्ला खरा की खोटा, घरबसल्या ओळखा’ हा मेसेज यंदा मला सोलापुरातल्याच चार ओळखीच्यांनी पाठवला. त्यातल्या पाच खुणा अशा: अस्सल बिल्ला चुंबकाला चिकटत नाही, हाताला जड लागतो, मागे कारखान्याचं नाव असतं, अंगावर हिरवट-काळा थर असतो, आणि ओतीव बिल्ला हमखास बनावट. मी २२ वर्षं बिल्ले जमवतोय. या मेसेजच्या भरवशावर लोक पैसे तर घालवतातच, पण घरातल्या खऱ्या वस्तूही टाकून देतात. ते बघवत नाही म्हणून लिहितोय.

चुंबकाचं आधी संपवतो. पितळ चिकटत नाही हे खरंच, पण नक्कलही पितळेचीच असते, नाहीतर जस्ताच्या मिश्रधातूची. तीही चिकटत नाही. चुंबकाने फक्त लोखंड कळतं.

वजनाची खूण तर उलटीच आहे. बहुतेक ब्रिटिश बिल्ले पत्र्यावर ठसा मारून काढलेले, म्हणजे पातळ. जाडजूड लागते ती बऱ्याचदा ओतलेली नक्कल. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवायला ब्रिटिश सैन्याने प्लास्टिकचे बिल्ले काढले, १९५० च्या दशकात ॲल्युमिनियमचे आले. दोन्ही पिसासारखे हलके आणि दोन्ही अस्सल. तसंच १९१६ मध्ये काटकसर म्हणून एरवी दोन धातूंचे असणारे बिल्ले नुसत्या पितळेत काढले होते. तेही लोक ‘अर्धवट नक्कल’ म्हणून बाजूला सारतात.

मागच्या नावाबद्दल सोलापूरकराला मी काय सांगावं? ‘सोलापुरी’ असा शिक्का मारलेली प्रत्येक चादर सोलापूरच्या मागावरची नसते, हे आपल्या घरातलं पोरही सांगेल. बिल्ल्याचंही तेच. बर्मिंगहॅमच्या जे. आर. गाँट कंपनीचं नाव नकला करणाऱ्यांचं सगळ्यात आवडतं, आणि कितीतरी अस्सल बिल्ल्यांवर नावच नसतं. त्यात आणखी एक पेच आहे तो रिस्ट्राइकचा. मूळ जुना ठसा कुणाच्या तरी हाती लागतो आणि त्यावरून नवे बिल्ले निघतात. पुढून ते तंतोतंत जुन्यासारखे दिसतात.

म्हणून चादर घेताना ती उलटून बघतो, तसा बिल्ला उलटा करा. ठशाच्या बिल्ल्यात पुढे जिथे उंचवटा तिथे मागे खळगा, पुढचं चित्र मागे उलटं वाचता येतं. ओतलेल्याची पाठ बहुधा सपाट असते आणि भिंगाखाली बारीक छिद्रं, दाणे दिसतात. टोपीत खोचायची पट्टी किंवा कड्या कशा जोडल्यात ते बघा. जोडाचा डाग, म्हणजे झाळलेला धातू, ओघळलेला आणि ताजा चकचकीत असेल तर विचारा की शंभर वर्षांत हा मळला कसा नाही. अस्सल बिल्ल्यावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल धातू निवताना आकसते. ४० मिलिमीटरच्या बिल्ल्यात अर्धा-पाऊण मिलिमीटर कमी भरतो. खात्रीचा नमुना आणि व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, असेल तर हे दोन मिनिटांत कळतं.

काळ्या-हिरव्या थराला मी काडीची किंमत देत नाही. व्हिनेगर, मीठ, अमोनियाची वाफ एवढ्यावर तो एका रात्रीत चढतो. शिपाई तर बिल्ला रोज घासायचा, त्याला ते करावंच लागायचं. त्यामुळे वर आलेले भाग, म्हणजे अक्षरांचे माथे, मुकुटाची कड, गुळगुळीत होतात आणि खोलगट रेषा तशाच धारदार राहतात. नकलेत सगळंच सारखं बोथट असतं.

मेसेजमध्ये सगळ्यात महत्त्वाची गोष्टच नाही, ती म्हणजे चित्राचा काळ. मंगळवार बाजारातून एका कॉलेजच्या पोराने रॉयल आर्टिलरीचा, म्हणजे ब्रिटिश तोफखान्याचा, तोफेचा बिल्ला १,८०० रुपयांना घेतला. ‘मार्शल लॉच्या वेळी आलेल्या गोऱ्या सोजिराचा’ असं सांगून विकला होता. मेसेजच्या पाचही खुणांना तो उतरला. मी तोफेवरचा मुकुट बघितला. त्याच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या होत्या. हा मुकुट एलिझाबेथ राणी १९५२ मध्ये गादीवर आल्यानंतरचा. सोलापुरात मार्शल लॉ लागला मे १९३० मध्ये, तेव्हा राजा पंचम जॉर्ज, आणि त्या काळच्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोल. ज्या आठवणीत १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले आपले चार हुतात्मे आहेत, ती वापरून पोराला फसवलं, याचा मला अजून राग येतो. आणि गोल मुकुट दिसला म्हणजे जुना, असंही धरू नका. चार्ल्स राजाने २०२२ पासून गोल मुकुटच परत आणलाय.

आपल्याकडेही काळ असाच वाचता येतो. २६ जानेवारी १९५० नंतर भारतीय बिल्ल्यांवरचे मुकुट जाऊन अशोकाचे सिंह आले. महार रेजिमेंट १९४१ ला बेळगावात उभी राहिली तेव्हा बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, मशिनगन आल्या त्या १९४६ मध्ये ती मशिनगन रेजिमेंट झाल्यावर. तेव्हा मशिनगनचा बिल्ला ‘पहिल्या तुकडीचा’ म्हणून कुणी देत असेल तर घेऊ नका.

आता पाचवी खूण, ओतीव म्हणजे बनावट. हिंदुस्थानातल्या पलटणींसाठी बाजारातल्या कारागिरांनी वाळूच्या साच्यात ओतलेले बिल्ले शिपायांनी खरोखर वापरलेत, गोऱ्यांनीसुद्धा. मोहोळकडच्या एका आजींकडे मराठा लाइट इन्फंट्रीचा असा बिगुल होता. खडबडीत, पाठ सपाट, कड्या हाताने डागलेल्या. नातवाने मेसेज वाचून तो मोडीच्या पिशवीत टाकला होता. आजींनी सासऱ्यांचं डिस्चार्ज बुक काढून दिलं, त्यावर पलटण तीच. बिगुलाचं तोंड झिजून आरशासारखं झालंय आणि दोरीच्या गाठीत घासायच्या पावडरीचा पांढरा कण अजून अडकलेला आहे. मी आजींना म्हटलं, तो कण तेवढा धुऊ नका.