बगळ्याला छत्री कशाला?

परवा एका एसी दुरुस्त करणाऱ्या माणसाने माझा बगळा मारला. शिडीवरून न उतरता.

स्थळ: छत्र्या बनवणाऱ्या एका कंपनीची मीटिंग रूम. पात्रं: मालक, मार्केटिंगच्या बाई, मालकांचा भाचा (हा प्रत्येक कंपनीत असतो, त्याचं पद विचारायचं नसतं) आणि मी, म्हणजे चित्रकार. एसी बंद पडलेला, म्हणून कोपऱ्यात शिडी लावून एक गृहस्थ त्याचं पोट उघडून बसलेले. टेबलावरच्या लॅपटॉपवर माझा बगळा, त्याची कितवी तरी आवृत्ती.

हा बगळा मुळात कोणासाठीच काढलेला नव्हता. तेव्हा मी एका पाईप कंपनीच्या कॅटलॉगसाठी पाईपचे सांधे काढत होते. काटकोनी सांधा, तीन तोंडांचा सांधा, पुन्हा काटकोनी सांधा. एका रात्री डोकं उठलं आणि मी कागदावर काळी शाई ओतून बगळा काढला. भर पावसात एका पायावर उभा, मान खांद्यांत खुपसलेली, चेहऱ्यावर ‘मला कोणी काही विचारू नका’ असा भाव. पाऊस मी वाळलेल्या शाईवर ब्लेडने ओरखडून काढला होता. त्या चित्रातून कुणाला काही विकायचं नव्हतं, म्हणून ते बरं उतरलं. सकाळी ऑनलाइन टाकलं आणि परत पाईपकडे वळले.

ते मालकांनी पाहिलं. फोन आला, “मॅडम, आम्हाला अगदी अस्साच पाहिजे.”

ज्यांना या वाक्याचा अनुभव नाही त्यांना हे कौतुक वाटेल. आमच्या धंद्यात ‘अगदी अस्साच’ याचा अर्थ, यात जे काही आहे ते एकेक करून काढून टाकू आणि शेवटी काय उरतं ते बघू. गंमत म्हणजे क्लायंट भुलून येतो तो पर्सनल कामावरच. पाईपचे सांधे बघून मला आजवर फक्त पाईपवाल्यांचेच फोन आलेत. जे काम पैसे देत नाही ते गिऱ्हाईक आणतं, आणि गिऱ्हाईक आलं की पहिलं काम काय करतं, तर ज्याच्यामुळे आलं तेच खोडायला सांगतं.

पहिला बळी पाऊस.

“पाऊस थोडा निगेटिव्ह वाटतो,” मार्केटिंगच्या बाई म्हणाल्या. छत्रीच्या जाहिरातीत.

“मग बगळ्याने छत्री कशासाठी उघडलीय?” मी विचारलं.

“ऑप्टिमिझमसाठी.”

भाच्याने ते लिहून घेतलं.

मग बगळा हसरा हवा झाला. बगळ्याला ओठ नसतात. चोच म्हणजे आतलं हाड आणि त्यावर नखासारखं टणक कवच, तिचे कोपरे वर करता येत नाहीत. हे सांगितल्यावर ‘मग डोळ्यांतून हसू द्या’ असं ठरलं. डोळे हसरे केल्यावर तो कुणाचं तरी पाकीट मारून आल्यासारखा दिसायला लागला. बाईंना तो ‘कॉन्फिडंट’ वाटला.

मग भाच्याने आयुष्यातलं पहिलं निरीक्षण नोंदवलं. “याचा गुडघा उलटा वाकलाय.”

मी समजावून सांगितलं. पक्ष्याच्या पायात मधोमध जो सांधा मागे वाकलेला दिसतो, तो गुडघा नसतोच, तो घोटा. खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो. म्हणजे बगळा टाच उचलून जन्मभर बोटांवर उभा असतो. मी हे शिकायला किती तरी सांगाडे काढलेत. भाचा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “ते बरोबर असेल, पण लोकांना चुकीचं वाटेल.”

या वाक्यापुढे जगातल्या कुठल्याही चित्रकाराचं काही चालत नाही. पाय सरळ केला. बगळा सावधान स्थितीत उभा राहिला.

रंगांचं सांगत बसत नाही. मालक सगळी चित्रं रात्री झोपण्यापूर्वी, मोबाइलचा पडदा पिवळसर करून बघतात आणि ‘निळा जरा मळकट वाटतो’ असा मेसेज टाकतात. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो, कागदावरचा शाईचा, आणि पडद्यावरचा तो विजेसारखा निळा चार शायांच्या छपाईत उतरतच नाही, जांभळट होतो, हे मी त्यांना इतक्यांदा लिहिलंय की आता कीबोर्डच पुढचे शब्द सुचवतो.

असल्या वेळी मला जुना इटालियन चित्रकार व्हेरोनेसे आठवतो. 1573 साली या माणसाने व्हेनिसमधल्या एका मठाच्या भोजनगृहासाठी येशूच्या शेवटच्या भोजनाचं चित्र काढलं. जवळजवळ तेरा मीटर रुंद. एवढी जागा मिळाल्यावर कुठला चित्रकार हात आवरेल? त्याने त्यात पोपट घेतलेला विदूषक घातला, शस्त्रधारी जर्मन घातले, बुटके घातले, नाकातून रक्त येणारा एक नोकर घातला. धर्मन्यायालयाने त्याला बोलावून विचारलं, की हे सगळे इथे कशाला? त्याने उत्तर दिलं की कवी आणि वेडे जी मोकळीक घेतात, तीच आम्ही चित्रकारही घेतो. न्यायालयाने हुकूम दिला की तीन महिन्यांत चित्र दुरुस्त कर. स्वखर्चाने. म्हणजे ‘चेंजेस फ्री’ ही प्रथा निदान साडेचारशे वर्षं जुनी आहे. व्हेरोनेसेने काय करावं? चित्राचं नावच बदललं. आता हे शेवटचं भोजन नव्हे, लेवी नावाच्या माणसाच्या घरची मेजवानी. पोपट, विदूषक, नाकातलं रक्त, सगळं जागच्या जागी. चित्र आजही व्हेनिसमध्ये आहे. मी बगळ्याच्या फाइलचं नाव ‘आनंदी बगळा’ असं बदलून, आत काहीही न बदलता, एकदा पाठवून पाहिलं होतं. व्हेरोनेसेच्या क्लायंटकडे भाचा नसावा.

तर मीटिंग. बगळा आता पाऊस नसलेल्या आभाळाखाली, सरळ पायाने, छत्री धरून, डोळ्यांतून हसत उभा होता. मालक लोकशाहीवादी आहेत. “आपण काय, आपल्याला कलेतलं काय कळतंय,” असं म्हणत त्यांनी वर पाहिलं. “अहो, तुम्ही सांगा. एक सामान्य माणूस म्हणून तुम्हाला हे कसं वाटतं?”

शिडीवरच्या गृहस्थांनी पेचकस दातांत धरला, फडक्याला हात पुसले आणि भाच्याने उंच धरलेल्या लॅपटॉपकडे बघायला सुरुवात केली. ते बराच वेळ बघत होते. या चित्राकडे इतका वेळ बघणारा त्या खोलीतला तो पहिलाच माणूस, हे मला मान्य करावं लागेल. मग पेचकस काढून त्यांनी विचारलं, “विकायचंय काय?”

“छत्री,” मालक म्हणाले.

“पाऊस कुठाय?”

खोलीत कुणीच बोलेना. मला त्या क्षणी शिडी चढून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

“काढला,” मी म्हणाले.

“का?”

“निगेटिव्ह वाटतो.”

त्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा एसीच्या आत पाहिलं. आत त्यांना जास्त समजण्यासारखं काही दिसलं असावं. “बरं. आणि हा बगळाच ना?”

“हो.”

“मग बगळ्याला छत्री कशाला? तो दिवसभर पाण्यातच उभा असतो.”

मालकांनी भाच्याकडे पाहिलं. भाच्याने बगळ्याकडे पाहिलं. इतके दिवस हा मुद्दा कुणालाही सुचला नव्हता. मला सुचला होता, मूळ चित्रात बगळ्याकडे छत्री नव्हतीच, तो निमूटपणे भिजत होता. पण ती त्याच्या पायात, म्हणजे हातात, म्हणजे पंखात (यावर वेगळी मीटिंग झाली होती) यांनीच द्यायला लावली होती.

“मांजर घ्या,” वरून सल्ला आला. “मांजराला पाणी नको असतं. आमची मांजर एक थेंब पडला तरी टेबलाखाली जाते. तिला छत्री शोभेल. आणि पाऊस घ्या चांगला जोराचा, नाहीतर कळायचं कसं?” पुन्हा पेचकस तोंडात घालता घालता त्यांना काहीतरी आठवलं. “आणि तो पाय चुकलाय. बगळ्याचा पाय मधे मागे वाकतो. हा एकदम सरळ काढलाय.”

“मी म्हटलंच होतं, पायात काहीतरी गडबड आहे,” भाचा माझ्याकडे बघून म्हणाला.

“ब्रिलियंट!” मालक म्हणाले. “मांजर!” बाईंना मांजर ‘रिलेटेबल’ वाटली. पाऊस आता ‘ड्रामॅटिक’ झाला. बगळा तिथल्या तिथे वारला.

मला राग शिडीवरच्या माणसाचा नाही. त्यांचं प्रत्येक वाक्य बरोबर होतं, आणि तोच तर त्रास आहे. पाऊस ठेवा, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. मी सांगितलं की तो आर्टिस्टचा इगो. तेच शिडीवरून आलं की ग्राउंड रिॲलिटी. त्यांनी एसीची एक तार काढून बाजूला ठेवली तेव्हा ‘ही तार जरा निगेटिव्ह वाटते, राहू द्या की’ असं कुणी म्हणालं नाही. डोळे सगळ्यांना असतात, म्हणून चित्रातलं सगळ्यांना कळतं, असा एक समज आहे. कान सगळ्यांना असतात म्हणून कानाच्या डॉक्टरला कोणी चेंजेस सांगत नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. निघताना मालक म्हणाले, “मॅडम, तो तुमचा जुना बगळा, पावसातला, ओरिजिनल. तो माझ्या केबिनमध्ये लावायला द्या की.”

मी किंमत सांगितली.

ते खरोखर दुखावले. “पण तो तर तुम्ही आवडीने काढलाय ना? कामासाठी थोडाच काढलाय?”

हा हिशोब मला कधीच समजलेला नाही. मन लावून, रात्र जागून, कुणी न सांगता काढलेलं चित्र म्हणजे फुकट. दात-ओठ खात काढलेला हसरा बगळा म्हणजे बिल. म्हणजे पैसे मिळतात ते चित्राचे नव्हेत, मनस्तापाचे.

मी वर पाहिलं. “दादा, तुम्हाला हे काम आवडतं?”

“आवडतं म्हणजे! शाळेत होतो तेव्हापासून घरातलं एक यंत्र धड ठेवलं नाही मी. वडील मारायचे. तरी खोलायचोच.”

“मग पैसे का घेता?”

ते इतके हसले की पेचकस खाली पडला. भाच्याने तो उचलून दिला. त्याने त्या दिवशी केलेलं हे एकमेव काम. “ताई,” ते म्हणाले, “पैसे घेतो म्हणून तर आवड टिकलीय.”

मालकही मनापासून हसले. त्यात आपल्याबद्दल काही असेल असं त्यांना वाटलं नाही. दहा मिनिटांत एसी सुरू झाला आणि दादांचे पैसे जागेवर मिळाले. माझं बिल ‘अकाउंट्सला मेल करून ठेवा’.

ड्यूरर या जुन्या जर्मन चित्रकाराची पत्रं वाचावीत अशा दिवशी. फ्रँकफर्टच्या एका व्यापाऱ्यासाठी तो चर्चमध्ये ठेवायचं मोठं चित्र करत होता. काम संपता संपेना, ठरलेले पैसे पुरेनात. 1509 साली त्याने त्या व्यापाऱ्याला सरळ लिहिलं, की यापुढे मी माझी कोरीव कामंच करणार, आधीपासून तेवढंच केलं असतं तर आज हजार फ्लोरिननी जास्त श्रीमंत असतो. कोरीव कामं म्हणजे कुणी न सांगता स्वतःच्या मनाने कोरलेल्या, छापून विकायच्या प्रती. त्या आजही जगभर आहेत. व्यापाऱ्याच्या चित्राचा मधला, ड्यूररने स्वतः रंगवलेला भाग 1729 साली आगीत गेला. यातून काही शिकावं असं म्हणत नाही. मला फक्त बरं वाटतं.

व्हिस्लर या चित्रकाराने तर कोर्टात जाऊन पाहिलं. रस्किन या टीकाकाराने त्याच्या चित्राची जाहीर टर उडवली होती. 1878 साली खटल्यात वकिलाने विचारलं, की दोन दिवसांच्या कामाचे दोनशे गिनी मागता? व्हिस्लर म्हणाला, नाही, आयुष्यभराच्या ज्ञानाचे मागतो. हे उत्तर चित्रकार एकमेकांना मोठ्या अभिमानाने सांगतात. पुढचं सांगत नाहीत. खटला तो जिंकला, भरपाई म्हणून एक फार्दिंग मिळाला, म्हणजे पाव पेनी, आणि पुढच्या वर्षी त्याचं दिवाळं निघालं.

आणि मिले या इंग्रज चित्रकाराने नातवाचं चित्र काढलं, बुडबुड्यांकडे बघणारा गोड मुलगा. ते हक्कांसकट पिअर्स साबणाच्या कंपनीकडे गेलं, त्यात साबणाची वडी आली आणि घरोघर जाहिरात पोचली. तो नातू मोठेपणी ब्रिटिश आरमारात ॲडमिरल झाला. तरी लोक त्याला ‘बबल्स’च म्हणायचे. चित्र एकदा हातातून सुटलं की कुणाच्या मानगुटीवर बसेल सांगता येत नाही, म्हणून मी करारात सगळं लिहिते: कशावर छापणार, किती काळ, कुठे. ते कुणी वाचत नाही हा भाग वेगळा.

मांजर काढतेय, कारण ॲडव्हान्स घेतलाय. बिलात ‘नवी संकल्पना’ अशी एक वेगळी ओळ घातली, तर मालकांचा लगेच फोन. “मॅडम, संकल्पना तर एसीवाल्यांची होती.” त्यांनाही त्याचे पैसे दिलेले नाहीत, हे मी विचारून खात्री करून घेतलंय. बगळा माझ्याच भिंतीवर आहे. आणि काल बाईंनी कळवलं की मांजर सगळ्यांना इतकी आवडलीय, की ती रेनकोटवरही घेणार. करारात फक्त छत्री आहे, रेनकोटचे वेगळे पैसे होतील, असं मी लिहिलं.

“का?” त्यांनी विचारलं. “मांजर तर तीच आहे ना?”