मुक्काम पोस्ट मणिभवन

मुंबईचा माणूस आपणहून म्युझियमला जात नाही, गावाकडचे पाहुणे आले की त्याला जावं लागतं. आमच्याकडे साताऱ्याहून बायकोचे मामा-मामी आलेत, मामा रिटायर्ड हेडमास्तर, आणि त्यांना मेगाब्लॉकच्या रविवारीच मणिभवन, म्हणजे गांधीजी मुंबईत उतरायचे ते घर, आता त्यांचं म्युझियम, बघायचं होतं. भांडुप ते दादर एका पायावर, मग वेस्टर्नने ग्रँट रोड, तिथून गावदेवीपर्यंत चालत, कारण "एवढ्याशाला टॅक्सी कशाला जावईबापू".

तिकीट नाही म्हटल्यावर मामा खूश. पण मामा बोर्ड वाचतात हो! मनात नाही, मोठ्याने, परिपाठाला सुविचार वाचावा तसे, खालच्या लायब्ररीपासून वरपर्यंत एकही न सोडता. गांधीजींनी हिटलरला 23 जुलै 1939 ला लिहिलेलं पत्र लावलंय, त्याची सुरुवातच 'प्रिय मित्र' अशी. मामा माझ्याकडे वळले, "बघा, हिटलरला प्रिय मित्र, आणि तुम्ही माझ्या गुड मॉर्निंगला नुसता अंगठा." ते पत्र इंग्रज सरकारने पुढे जाऊच दिलं नाही. मामांचे गुड मॉर्निंग अडवणारं सरकार अजून आलेलं नाही.

मला मात्र राहून राहून घरमालकाचं वाईट वाटत होतं. रेवाशंकर जगजीवन झवेरी, जवाहिरे माणूस, चांगलं दुमजली घर, आणि 1917 ते 1934 गांधीजी मुंबईत आले की उतरणार इथेच. पाहुणाही कसा, तर दूध न घेण्याचं व्रत, मग 1919 च्या आजारपणात कस्तुरबांनी तोड काढली की व्रत गाई-म्हशीचं होतं ना, शेळीचं चालेल. म्हणजे आता शेळीचं दूध बघा! वर खोलीत चरख्याची घरघर, त्याला पेळू, म्हणजे सूत काढायला पिंजलेल्या कापसाच्या वळ्या, हवेत म्हणून दारावरून रोज जाणाऱ्या पिंजाऱ्याला हाक मारली. तो गाद्यांचा कापूस पिंजणारा, त्याने पेळूंचा भाव अव्वाच्या सव्वा सांगितला आणि गांधीजींनी तो दिलाही, आत्मचरित्रात स्वतःच लिहिलंय. हे मी सांगितल्यावर मामी जागच्या जागी थांबल्या. "घासाघीस न करता?" भिंतीवरच्या फोटोकडे त्या जरा वेगळ्याच नजरेने बघायला लागल्या.

दुसऱ्या मजल्यावर ती खोली बाहेरूनच बघायची. पांढरी गादी, लोड, चरखे, बस्स. मामी म्हणाल्या, "झाडायला किती सोपी." 4 जानेवारी 1932 ला पहाटे पोलिसांनी गांधीजींना गच्चीवरच्या तंबूतून उचललं, हे मामांनी इतक्या आवेशाने वाचलं की दोन परदेशी बायका दचकल्याच. गच्चीवर तंबू, पहाटे पोलीस, तरी गांधीजींसाठी हे घर उघडंच! आमच्या सोसायटीत गच्चीवर पापड घालायला सेक्रेटरीची परवानगी लागते.

बाहुल्यांचे देखावे मात्र खरंच बघण्यासारखे आहेत, छोट्या छोट्या काचेच्या पेट्यांत गांधीजींचं सगळं आयुष्य मांडलंय, मामी तिथून हलेचनात. माझे पाय गेले होते.

निघताना व्हिजिटर्स बुक. 2010 मध्ये ओबामा इथे येऊन गेले हे मामांना कळल्यापासून त्यांना लिहायचंच होतं, आणि त्यांनी पानभर निबंध लिहिला, मागे रांग लागली, मी प्रत्येकाकडे बघून ओशाळं हसत होतो. शेवटी सही ठोकून, तारीख घालून, पेनला टोपण लावून मामा बाजूला झाले. मी वाकून पाहिलं, नावाखाली पत्ता साताऱ्याचा नव्हता, आमच्या भांडुपच्या फ्लॅटचा होता, पिनकोडसकट.