पोपटी लावणाऱ्याचे गुडघे

नवी मुंबईत थंडी म्हणजे मोठ्या शहरातला पाहुणा. येणार येणार म्हणून महिनाभर गवगवा, आणि आली की चार दिवसांत निघायची घाई. तेवढ्या चार दिवसांत कपाटातून कानटोपी निघते, तिला डांबरगोळ्यांचा वास मारत असतो, आणि बेलापूरपासून पनवेल-उरणपर्यंत पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाला एकच हुक्की येते. पोपटी लावायची, म्हणजे वालाच्या शेंगा पाल्यासकट माठात ठासून जाळावर भाजायच्या.

हुक्कीत वावगं काही नाही. गोची अशी की ज्याला लहानपणची पोपटी लख्ख आठवते, तो तेव्हा नुसता खाणारा होता. गरम शेंग या हातातून त्या हातात नाचवायची आणि काजळीची बोटं नाकाला पुसायची, एवढीच त्याची कामगिरी. माठ भरणारा, जाळ सांभाळणारा, धुरात डोळे बारीक करून बसणारा कोणीतरी काका असायचा. आता मागे वळून बघावं तर तो काका आपणच. आणि काका नेमकं काय करायचा, याकडे तेव्हा लक्ष होतं कुणाचं?

पहिलं संकट माठाचं. माठ ही उन्हाळ्याची वस्तू. डिसेंबरात मागितला की दुकानदार आधी आपल्याकडे, मग आभाळाकडे बघतो आणि आतून नळ बसवलेला, सोनेरी वेलबुट्टीचा माठ काढून देतो. तो घेऊ नये. नळाच्या भोकातून वाफ निघून जाते आणि जळक्या रंगाचा वास शेंगांना लागतो. हवा तो साधा, आठ-दहा लिटरचा, हात जेमतेम आत जाईल एवढ्या तोंडाचा. पाझरायचा बंद झाला म्हणून बाल्कनीत पडलेला जुना माठ सगळ्यात बरा; थंड पाणी देण्याच्या कामातून निवृत्त झालेल्याला हे दुसरं काम झकास जमतं. फक्त धुऊन दोन दिवस उन्हात खडखडीत वाळवावा. मातीत मुरलेल्या पाण्याची जाळावर एकदम वाफ होते आणि माठ तडकतो.

मग पाला. भांबुर्डा, भांबुर्डी, भामरूड, गावागणिक नाव वेगळं, वास तोच. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० साली आली, ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या, भात कापल्यावर जिथे वाल पेरायचे तिथे सेक्टर उभे राहिले. भांबुर्ड्याने मात्र आपला ताबा सोडलेला नाही. रिकामा प्लॉट, पडीक बांध, कुंपणामागची पट्टी, थंडीत तो उगवतोच. ओळखायचा कसा? पान मऊ, लवदार, कडेला दातेरी. पण हे सगळं जवळचा चष्मा घरी विसरलेला नसेल तर. विसरला असेल तर पान चुरडून नाकाला लावावं. शेजाऱ्याचं नाव आठवायला ज्याला तीन मिनिटं लागतात, त्यालासुद्धा हा वास क्षणात ओळखू येतो. दोन भरगच्च जुड्या पुरतात. सोसायटीची कुत्री सकाळी जिथे फिरायला नेतात, तो कोपरा वगळावा. पाला झटकून घ्यावा, धुतलाच तर फडक्यावर सुकवावा. ओल्या पाल्याने शेंगा भाजत नाहीत, उकडतात. पोपटीत पाण्याचा आणि तेलाचा थेंब नसतो, हे पुण्याच्या पाहुण्यांना दरवर्षी नव्याने सांगावं लागतं. भांबुर्डा नाहीच मिळाला तर केळीचं पान अब्रू राखतं, वास काही देत नाही.

शेंगा वालाच्या. भातानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर हे पीक येतं, म्हणून शेंग थंडीत भरते. दाणा हाताला टपोरा लागावा, पण साल हिरवीगार असावी. साल पिवळी पडली की आतला दाणा कवळीची परीक्षा घेतो. बारीक भोक दिसलं की शेंग बाद. आत भाडेकरू राहत असतो. दोन किलो शेंगा, अर्धा किलो लिंबाएवढे बटाटे, दोन-तीन बारीक रताळी, सहा-आठ अंडी. बटाटा मोठा घेतला तर बाहेर राख आणि आत कच्चा. कोंबडी घालायची तर बारीक तुकडे मसाला लावून केळीच्या पानात घट्ट बांधावेत.

आता मीठ. इथे वय आडवं येतं. तळाला चार बोटं पाला, वर शेंगा, वर मीठ आणि ओवा, मग मधोमध अंडी-बटाटे, पुन्हा शेंगा, पुन्हा मीठ. दुसऱ्या थरापर्यंत गप्पा रंगलेल्या असतात, आणि तिसऱ्याला माणूस थबकतो: मघाशी घातलं का? पोपटीचं मीठ मागाहून दुरुस्त होत नाही. तर युक्ती अशी: पाव वाटी जाडं मीठ आणि दोन चमचे ओवा आधीच एका वाटीत कालवून ठेवायचा आणि थर संपेपर्यंत वाटी रिकामी करायची. वाटी भरलेली तर घातलेलं नाही. रिकामी तर घातलेलं. रक्तदाबाच्या गोळ्यांना आठवड्याची डबी असते, तसंच हे.

अंडी मध्येच ठेवावीत, भिंतीला लागली की फुटतात. शेवटी माठाचं तोंड पाल्याने ठासून बंद करायचं, इतकं की माठ उलटा करून हलवला तरी काही घरंगळू नये. इथे हात राखला तर पोपटीचा निम्मा ऐवज राखेत.

जाळ कुठे लावायचा, हा सोसायटीत न विचारायचा प्रश्न. गच्चीवर नको, उष्णतेने वॉटरप्रूफिंग फुगतं आणि पावसाळ्यात वरच्या मजल्यावरचे लोक ओळख सोडतात. कुकरमध्ये तर नकोच, त्यातून निघते ती उसळ. गावठाणात कुणाची मोकळी जागा मिळवावी. वीतभर खोल खळगा करून माठ त्यात पालथा घालायचा, भोवती काटक्या, गोवऱ्या, वर पेंढा. पेटवायला रॉकेल-पेट्रोल घेऊ नये, तो वास शेवटच्या शेंगेपर्यंत जातो. वारा एकाच बाजूने असेल तर त्या बाजूच्या गोवऱ्या मागे सरकवाव्यात, नाहीतर अर्धी पोपटी कोळसा आणि अर्धी सॅलड. नुसत्या शेंगांना अर्धा तास, कोंबडी असेल तर पाऊण तास आणि वर थोडा.

हा अर्धा तास उकिडवं बसून काढायचा असतो, आणि खरी अडचण तीच. बसणं जमतं. रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसण्यात लाज बाळगू नये, उठताना त्याचं महत्त्व कळतं. मध्येच कुठेतरी ‘कट्’ आवाज होतो, सगळे दचकून माठाकडे बघतात. माठ शाबूत असतो.

शेकोटीभोवती थंडीच्या आठवणी दर मिनिटाला एका अंशाने उतरतात. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश नोंदले गेले, हा मुंबईचा नीचांक. पण जाळापुढे बसलेल्या प्रत्येकाच्या लहानपणी त्याहून जास्त थंडी असते, आणि निम्मे तर १९६२ नंतर जन्मलेले असतात. कुणी अजून ‘कुलाबा जिल्हा’ म्हणतो. त्याचा १९८१ साली रायगड झाला, ही बातमी त्याच्या तोंडापर्यंत पोचायची आहे.

झाली की नाही हे घड्याळ सांगत नाही. माठावर पाण्याचे चार थेंब शिंपडावेत. ‘चर्र’ होऊन थेंब जागीच उडाले तर झाली, ओघळले तर आणखी दहा मिनिटं. ‘चर्र’ ऐकायला शेजारी एखादं तरुण पोर उभं करावं. उतरवायला ओलं गोणपाट आणि दोन माणसं. ‘मी एकटा उचलतो’ म्हणणाऱ्याला प्रेमाने बाजूला बसवावं. माठ सुपात उपडा केला की पाल्याचा वास भपकन अंगावर येतो, आणि त्या क्षणी पथ्य नावाची गोष्ट कुणालाही आठवत नाही. बटाटा साखरवाल्यांना वर्ज्य, वाल वातवाल्यांना. ओवा त्याच्याचसाठी घातलेला असतो, पण तो दोन मुठी शेंगांना पुरतो, दोन पाट्यांना नाही.

पोरं तोवर हातातून हातात शेंगा नाचवत असतात, एखाद्याच्या नाकाला काजळी लागलेली असते. मीठ किती घातलं, पाला कुठला आणला, त्यांच्यापैकी कुणी विचारत नाही. विचारलंच तर वाटी दाखवावी. कुठे ठेवली ते आठवत असेल तर.