मिस्त्रीपुढं शहाणी

माझी मोटारसायकल २००३ सालची. तिला बटन-स्टार्ट आहे, असं मी लोकांना सांगतो. म्हणजे बटन आहे. स्टार्ट व्हायचं की नाही, ते ती ठरवते.

गेल्या नवरात्रात मला तिचा फार पुळका आला. इंजिन उतरवून चासीला काळंकुळकुळीत पावडर कोटिंग करून घेतलं आणि जोडणी घरीच अंगणात केली. जोडताना चार-दोन वस्तू उरल्या. त्या उरतातच. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. खंडेनवमीला झेंडूची माळ घालून पूजा केली. शेजारी म्हणाले, "नवी घेतली काय हो?" आणि मी त्यांना पेढा दिला.

दिवाळी उलटली आणि गाडीनं रंग दाखवायला सुरुवात केली. सकाळी दारात एका बोटावर सुरू व्हायची. मंडईत भाजी घेऊन यावं, बटन दाबावं, तर सीटखालून नुसतं 'कट्ट'. पुन्हा दाबावं, पुन्हा 'कट्ट'. पाचव्यांदा दाबलं की जणू काही झालंच नाही अशी सुरू. रात्री हेडलाइट देव्हाऱ्यातल्या समईएवढा, आणि हॉर्न वाजवला की सर्दी झालेलं करडू ओरडल्यासारखा आवाज. दुसऱ्या दिवशी दोन्ही खणखणीत.

मी राहतो साताऱ्यात. हे गाव डोंगराच्या पायथ्याशी कशासाठी वसवलं, ते मला या काळात कळलं. समर्थ मंदिराकडून राजवाड्याकडं तोंड करून गाडी लावायची, दुसरा गिअर टाकायचा, क्लच दाबून उतारावर सोडून द्यायची आणि वेग आला की क्लच सोडायचा. फट् फट् करत उठतेच. माझी सगळी कामं, मित्र आणि चहाची दुकानं हळूहळू उताराच्या वरच्या बाजूला सरकली. सपाटीवरच्या एका मित्राशी तर दोन महिने फक्त फोनवर बोललो.

मिस्त्रीकडं नेली. तिथं ती पाहुण्यांपुढं घडाघडा पाढे म्हणणाऱ्या पोरासारखी वागली. मिस्त्रींनी बटन दाबलं, सुरू. बंद केली, दाबलं, सुरू. दहा वेळा. "साहेब, गाडी चांगली हाय की वो," म्हणून त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मीच जरा तपासून घेण्याजोगा आहे. गॅरेजचा कोपरा वळलो आणि बंद पडली. ढकलत परत नेली. गॅरेजच्या अंगणात पोचताक्षणी सुरू.

मग निदानं सुरू झाली. मिस्त्री म्हणाले, बॅटरी बसलीय. बॅटरी बदलली, चौदाशे रुपये. आठ दिवस बरे गेले आणि नवीन बॅटरीही बसली. "मग चार्जिंग व्हत नसंल. आरआर गेलंय." आरआर युनिट म्हणजे मॅग्नेटच्या कॉइलमधून येणारा उलटसुलट करंट सरळ करून बॅटरीला बेतानं पाजणारी, मागं पंख असलेली डबी. तीही बदलली. मग 'कट्ट' वाजतंय म्हणून सेल्फला करंट सोडणारा रिले. मग सेल्फच्या मोटरचे कार्बन ब्रश. प्रत्येक वेळी आठवडाभर सुख, आणि मग कुठंतरी भर चौकात 'कट्ट'. एव्हाना शेजाऱ्यांना वाटली होती ती गोष्ट जवळजवळ खरी झाली होती, गाडी नवीच घेतली होती, फक्त हप्त्याहप्त्यानं.

याच काळात क्लचची वायर दोनदा तुटली. "डुप्लिकेट माल वो सगळा," असं म्हणून मिस्त्रींनी तो विषय संपवला आणि मीही मान डोलावली. पस्तीस वर्षं बँकेत सह्या जुळवलेला माणूस मी, पण हे दोन कागद शेजारी ठेवून बघायची बुद्धी झाली नाही.

कळस झाला तो पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये. वरून उतरलो ते झोकात, आणि मधोमध इंजिन थांबलं. जमिनीखालच्या त्या रस्त्यात मागच्या प्रत्येक हॉर्नचे चार हॉर्न होतात. मागं सौभाग्यवती, मांडीवर दोन किलो मेथी. बटन दाबतोय, 'कट्ट'. "अहो, मी उतरू का?" या साध्या प्रश्नात इतका अर्थ असू शकतो, हे मला लग्नाच्या एकोणतीस वर्षांत माहीत नव्हतं. त्या उतरल्या, मेथी घेऊन चालत पुढं गेल्या आणि वर पोचल्यावर त्यांनी रिक्षा केली.

चढाला ढकलून घामाघूम होऊन घरी आलो, तर कट्ट्यावर आबा बसलेले. आबा एसटीच्या डेपोतून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी गाडीकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "सेल्फ मार आणि क्लचच्या वायरीला हात लावून बघ." मला वाटलं, चेष्टा चाललीय. चार-पाच वेळा बटन दाबलं आणि इंजिनाजवळ वायरीला बोट लावलं. चटका बसला!

"क्लचची वायर गरम व्हायला तिच्यात काय चूल पेटवलीय?" आबा म्हणाले. "करंट गेला तर परत यायला वाट लागती का न्हाय? तुझ्या करंटाला घरी जायला रस्ता न्हाय, म्हणून तो त्या बिचारीच्या अंगावरनं चाललाय. मीटर आण."

मीटर अडीचशेला मिळाला. आबांनी आधी बॅटरीवर लावला. नुसती असताना १२.७ व्होल्ट, आणि सेल्फ मारताना साडेअकराच्या खाली उतरेना. म्हणजे बॅटरी ठणठणीत. मग त्यांनी एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं सरळ इंजिनाच्या अंगाला लावलं. "आता मार." आकडा आला ३.४. जिथं शून्याच्या आसपास काहीतरी यायला हवं, तिथं जवळजवळ साडेतीन व्होल्ट वाटेतच सांडत होते.

"इंजिनाचा आणि चासीचा अबोला हाय," आबांनी निकाल दिला. "सेल्फचा करंट इंजिनातनं चासीत आणि चासीतनं बॅटरीच्या मायनसला परत जातो. चासीला काय केलंस?"

मी अभिमानानं पावडर कोटिंगचं सांगायला सुरुवात केली आणि वाक्याच्या मध्यात गप्प झालो. कोटिंग म्हणजे प्लास्टिकच. इंजिन जिथं बसतं त्या प्रत्येक पट्टीवर, प्रत्येक भोकाभोवती मी पैसे देऊन जाडजूड प्लास्टिक चढवून घेतलं होतं. बोल्टांच्या आट्यांनी जिथं थोडंफार खरवडलं होतं तिथून काय तो करंट जायचा. थरथर झाली, तापली, की तेही सुटायचं. माझ्या गाडीत मॅग्नेटच्या त्या कॉइलचं एक टोकही इंजिनालाच अर्थिंग केलेलं, म्हणून चार्जिंगची तीच रड. आरआर निर्दोष, रिले निर्दोष, पहिली बॅटरीसुद्धा बिचारी उपाशी मेलेली.

दोन बोल्टांखालचं कोटिंग पॉलिश पेपरनं घासून लखलखीत केलं. आबा म्हणाले, इंजिनापासून चासीला एक जाड अर्थिंगची वायरपण टाक. दुकानात चाळीस रुपयांना मिळाली. बसवली. सेल्फ मारताना मीटर ०.२. गाडी चालू करून रेस केली, बॅटरीवर १४.२. हेडलाइट असा पडला की समोरच्या भिंतीवरचं मांजर उठून गेलं.

हत्यारं आवरताना जुने वॉशर ठेवायला श्रीखंडाचा डबा उघडला. नटबोल्टांच्या खाली वीतभर लांबीची, दोन्ही टोकांना कड्या असलेली, जाड काळी वायर वेटोळं करून बसली होती. एका कडीवर अजून इंजिनाचं ऑइल होतं, आणि दुसरीला झेंडूची पाकळी चिकटलेली.

आबा डब्यात डोकावायला वाकत होते. मी झाकण लावलं.