दुःखाला बोलता आलंच पाहिजे का?

बेणारेबाईंचं ते गाजलेलं स्वगत तेंडुलकरांच्या मूळ संहितेत नव्हतं. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या त्यांच्या नाटकाच्या तालमी चालू असताना दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांनी लावून धरलं की शेवटी बाई बोलली पाहिजे. तेंडुलकर राजी नव्हते. अखेर त्यांनी ते लिहून दिलं, सुलभाताई देशपांडे यांनी ते उभं केलं, आणि १९६७पासून आजपर्यंत महाराष्ट्रातल्या कितीतरी मुली स्पर्धेत, ऑडिशनला तेच स्वगत म्हणत आल्या आहेत. कॉलेजात असताना मीही म्हटलंय. अजून बरंचसं पाठ आहे.

पण वय वाढत गेलं तसा मला तेंडुलकरांचा तो आधीचा नकार जास्त खरा वाटायला लागलाय.

तो प्रवेश आठवून बघा. वेळ घालवायला म्हणून सुरू झालेला खोटा खटला. लग्न न झालेल्या एका शिक्षिकेच्या पोटातल्या मुलावरून सगळे तिच्यावर तुटून पडलेत. ज्याचं ते मूल, तो प्राध्यापक तिथे हजरच नाही. न्यायाधीश बनलेले काशीकर घड्याळ पुढे धरतात आणि आरोपीला बोलायला दहा सेकंद देतात. मग रंगमंचावरचे सगळे जागच्या जागी थिजतात आणि बाई बोलायला लागतात. जगण्याबद्दल, मामाबद्दल, शरीराबद्दल, वर्गातल्या मुलांबद्दल. त्यांचं बोलून होतं, काशीकर घड्याळ मागे घेतात आणि जाहीर करतात की वेळ संपली, एकूण आरोपीला काही सांगायचं नाही.

म्हणजे स्वगत लिहावं लागलं तरी तेंडुलकरांनी आपला हेका सोडला नव्हता. ते बोलणं फक्त तिकीट काढून अंधारात बसलेल्यांना ऐकू आलं. त्या खोलीत जे होते त्यांच्या लेखी बाई गप्पच होत्या. सगळं आटोपल्यावर सामंत नावाचा त्या गावचा साधा तरुण काय करतो? कापडाचा हिरवा पोपट तिच्या शेजारी ठेवतो आणि निघून जातो. त्याने ते स्वगत ऐकलेलं नाही. तरी एवढं त्याला सुचतं.

घरात, नात्यात, सोसायटीत, ऑफिसात आपण बहुतेक वेळ त्या खोलीत बसलेले असतो. समोरच्या माणसाचं स्वगत ऐकू येण्याची सोय तिथे नसते. आणि मला वाटतं, मराठी नाटक-सिनेमाने आपल्याला बोलक्या दुःखाची इतकी सवय लावली आहे की ज्याला धड बोलता येत नाही त्याचं दुःख आपल्याला दुःख वाटतच नाही. ती किरकिर वाटते, दळण वाटतं, विक्षिप्तपणा वाटतो. माणूस एकटा पडतो तो आधी त्याच्यावर आघात झाला म्हणून. नंतर तो आणखी एकटा पडतो, कारण त्याला ते नीट सांगता येत नाही.

‘नटसम्राट’च बघा. १९७० साली ते रंगभूमीवर आलं. शिरवाडकरांची भाषा आणि डॉ. लागूंचा आवाज. घर मागत फिरणाऱ्या त्या म्हाताऱ्याची वाक्यं आपल्या रोजच्या बोलण्यात मुरली आहेत. मी त्या नाटकाला कमी लेखत नाही, म्हातारपणी पोटच्या पोरांच्या घरात परकं होणं म्हणजे काय ते त्याने घराघरांत पोचवलं. पण गणपतराव बेलवलकर हा नट आहे. जन्मभर उत्तमोत्तम वाक्यं तोंडात घोळवलेला माणूस. त्याला लागलं की शब्द धावत येतात. त्याच्या बायकोकडे, कावेरीकडे काय आहे? तेच घर तिचंही सुटलंय, त्याच मुलांनी तिलाही दुखावलंय, वर नवऱ्याचा हट्ट सांभाळायचाय तो वेगळाच. ती वाटेत मरते, आणि तिचं मरणसुद्धा आपण गणपतरावांवरचा आणखी एक घाव म्हणूनच बघतो. पहिली कावेरी शांता जोग यांनी केली होती. लागूंचं नाव नाट्यवेड्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी येईल. शांताबाईंचं किती जणांना आठवतं?

आमच्या मजल्यावर एक काकू राहतात. काका गेल्यापासून एकट्याच. मुलगा परदेशात, रविवारी व्हिडिओ कॉल करतो, पैशांची ददात नाही, औषधं घरपोच येतात. या काकू रोज सकाळी बेल वाजवतात आणि विचारतात, ‘‘पाणी आलंय का गं तुमच्याकडे?’’ अख्ख्या बिल्डिंगला एकाच टाकीतून पाणी. त्यांच्याकडे आलं म्हणजे आमच्याकडे आलेलंच असतं. समोरच्या बिऱ्हाडातही विचारतात, खाली जाऊन वॉचमनलाही विचारतात. सेक्रेटरींनी त्यांना समजावून सांगितलं, नोटीस बोर्डावर वेळापत्रक लावलं. दुसऱ्या दिवशी बेल वाजलीच. आता बिल्डिंगमध्ये सर्रास म्हणतात की काकूंना भ्रम झालाय.

काकूंना काहीही झालेलं नाही. मेंटेनन्सच्या बिलातली चूक त्यांनीच पकडून दिली होती, आणि दूधवाल्याचे खाडे त्यांना तोंडपाठ असतात. पाण्याची चौकशी एवढंच निमित्त त्यांच्यापाशी आहे, जे घेऊन लाज न वाटता दुसऱ्याच्या दारात उभं राहता येतं. ‘मला करमत नाही, घटकाभर बसू का?’ हे वाक्य त्यांच्या तोंडून मरेपर्यंत निघायचं नाही. त्यांच्या घरात बाईला ते कुणी शिकवलेलंच नाही. मी ‘‘आलं, काकू’’ म्हणते आणि विचारते, ‘‘तुमचं पिंप भरलं का?’’ मग बोलणं पिंपावर येतं, पिंपाच्या गळक्या तोटीवर येतं, ती तोटी काकांनी कुठल्या दुकानातून घासाघीस करून आणली होती त्यावर येतं. काकांचा विषय त्या वाटेने येतो. थेट कधीच येत नाही.

आता हेच काकूंचं पात्र नाटकात असतं तर? शेवटच्या अंकात त्यांना पंधरा ओळी मिळाल्या असत्या. काकांच्या फोटोकडे बघत त्या एकटेपणावर बोलल्या असत्या, आणि आमच्या बिल्डिंगमधले हेच लोक रुमाल काढून बसले असते.

रंगभूमीला हे कळत नाही असं मात्र नाही. एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त म्हातारी दादी पुन्हा पुन्हा वेळ विचारते. कर्ता माणूस गेलाय, दिवसांच्या खर्चावरून कुरबुरी चालल्यात, दारात ट्रॅक्टर गंजून पडलाय, आणि दादी विचारते किती वाजले. प्रेक्षागृहात त्यावर हशा आलेला मी ऐकलाय. त्याच घरात जिचं शिक्षण बापाने थांबवलं ती प्रभा तावातावाने बोलते तेव्हा मात्र सगळे स्तब्ध. दोघींचं आयुष्य त्याच वाड्यात कोंडून गेलंय. एकीला बोलता येतं, एवढाच फरक.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात काम करणारी माझी एक मैत्रीण आहे. तिच्याकडे येणाऱ्या बाया ‘मी दुःखी आहे’ असं म्हणत नाहीत. त्या म्हणतात, अंग मोडून येतं, जीव घाबरा होतो, डोकं भणभणतं, घास उतरत नाही, हातापायात बळच नाही. तपासण्यांत काही सापडत नाही. गोळ्या देऊन पाठवलं तर बाई तिथेच उभी राहते आणि म्हणते, सलाईन लावा. मैत्रीण सांगते, सलाईन लागलं की बाईला तासभर भर दिवसा आडवं पडता येतं, घरचं कुणीतरी उशाशी बसतं, सासू चहा घेऊन येते. गावात यापेक्षा दुसऱ्या कुठल्या भाषेत ती विश्रांती मागणार? तिला ‘ढोंग करते’ म्हणणारे घरातलेच असतात.

आणि सरकारदरबारी तर दुःखाला ठरलेलीच भाषा लागते. शेतकऱ्याने आत्महत्या केली की चौकशी होते. नापिकी होती का, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, ते थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का. या निकषांत बसलं तर प्रकरण पात्र, एक लाखाची मदत. नाही बसलं तर अपात्र. सातबारा सासऱ्याच्या नावावर असेल, उसनवारी पाहुण्यांकडून असेल, तर त्या विधवेने काय कागद दाखवायचा? तिला जे सांगायचं असतं ते वेगळंच असतं. तो महिनाभर जेवताना वर बघत नव्हता, बैल विकला त्या दिवसापासून गोठ्यात जाऊन बसायचा. हे लिहायला अर्जात रकाना नाही.

म्हणूनच चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा सिनेमा मला इतका मोठा वाटतो. गटारात उतरून मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला उभी राहते. विचारलं तेवढंच सांगते, तेही सपाट आवाजात. गॅसने त्याचा एक डोळा गेला होता. आत उतरण्याआधी तो झुरळं बाहेर येतात का ते बघायचा. आली तर आत हवा आहे असं समजायचा. एवढं बोलून ती थांबते. पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा तिच्या डोळ्यांत घुसत नाही. ही भूमिका करणाऱ्या उषा बाणे यांचा नवराही असाच गटारात काम करणारा कामगार होता. सिनेमा लागला तेव्हा माझ्या रांगेतले काही जण मध्यंतरातच निघून गेले. कंटाळा आला म्हणाले. त्या बाईच्या जागी कसलेली नटी असती आणि ती कठड्याला धरून हंबरडा फोडून रडली असती तर ते शेवटपर्यंत बसले असते याची मला खात्री आहे.

‘फँड्री’ सिनेमातला कचरू माने आठवा. किशोर कदम स्वतः कवी, ‘सौमित्र’ नावाने लिहिणारे, आणि त्यांच्या वाट्याला आलेला हा बाप जवळजवळ मुका. गावाने सांगितलं की डुक्कर धरायचं. पोरगा जब्या शाळेतल्या पोरापोरींसमोर लाजेने लपत फिरतो, बाप त्याच्यावर खेकसतो, मारतो. आपल्याला तो बाप आवडत नाही. नागराज मंजुळे तो आपल्याला आवडावा म्हणून काहीही करत नाहीत. राष्ट्रगीत सुरू होतं तसा जब्या ताठ उभा राहतो, कचरूही थांबतो, आणि हाताशी आलेलं डुक्कर पळून जातं. त्या क्षणी कचरूच्या चेहऱ्यावर जे आहे ते कुठल्याही भाषणाला जमणार नाही. शेवटी जब्या भाषण करत नाही, दगड भिरकावतो. तो दगड थेट आपल्याकडे येतो.

जर्मन नाटककार ब्रेख्तला हे आपल्या फार आधी उमगलं होतं. त्याचं ‘मदर करेज’ १९४१ साली झुरिकला झालं, तेव्हा लोक त्या आईसाठी हळहळत घरी गेले. ब्रेख्तला ते पटलं नाही. ही बाई युद्धावर धंदा करते आणि त्याच युद्धात एकेक मूल गमावते, हे लोकांनी डोकं जागं ठेवून बघावं म्हणून त्याने काही प्रवेश बदलले. १९४९मध्ये बर्लिनला त्याची पत्नी हेलेन वायगेल हिने ती आई केली. मुलाला गोळ्या घातल्याचा आवाज येतो, वायगेल मान मागे टाकते, तोंड उघडते, आणि आवाज निघत नाही. तिला रडायची मुभाच नाही, रडली तर पकडली जाईल. नंतर मुलाचं प्रेत समोर आणतात तेव्हा ती ‘ओळखत नाही’ म्हणून मान हलवते. त्याच नाटकात तिची मुकी मुलगी कॅटरिन आहे. अख्ख्या नाटकात तिला एक वाक्य नाही. रात्री सैन्य चालून येतं तेव्हा ती छपरावर चढून ढोल बडवत सुटते. गोळी लागून मरते, पण शहर जागं होतं.

ब्रेख्त मराठीत वाजतगाजत आला. ‘अजब न्याय वर्तुळाचा’ झालं, ‘तीन पैशाचा तमाशा’ झालं. आपण त्याची गाणी घेतली, सूत्रधार घेतला, प्रेक्षकाशी थेट बोलणं घेतलं. वायगेलची ती आवाज नसलेली किंकाळी काही आपण घेतली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

याचा परिणाम मला दरवर्षी आंतरमहाविद्यालयीन एकांकिकांमध्ये दिसतो. पोरं जीव तोडून काम करतात, विषय जिवंत निवडतात: एमपीएससीत अडकलेला मुलगा, उसाच्या फडावर कोयता घेतलेली बाई, घरच्यांपासून आपलं प्रेम लपवणारा तरुण. पहिली वीस-पंचवीस मिनिटं नजर हटत नाही. मग दिवे मंदावतात, एक स्पॉट पडतो, आणि तो अबोल मुलगा एकाएकी अस्खलित होतो. जातीवर, बापावर, व्यवस्थेवर, सगळ्यावर बोलतो. टाळ्या पडतात. माझं मन मात्र तिथेच उतरतं, कारण असं बोलता आलं असतं तर तो या अवस्थेला आलाच नसता.

एका होतकरू दिग्दर्शकाला मी हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, ‘‘ताई, स्वगत काढलं तर प्रेक्षकाला कळणार कसं? आणि मार्क कोण देणार?’’ मार्कांचं मी काही सांगू शकत नाही. कळण्याचं सांगू शकते. फडावरची बाई दिवसभराच्या मोळ्या मोजताना एकाच आकड्यावर पुन्हा पुन्हा चुकते, हे प्रेक्षकाला कळतं. परीक्षेत पुन्हा नापास झालेला मुलगा आईला फोनवर ‘‘जेवलो, जेवलो’’ एवढंच म्हणत राहतो, हे कळतं. थोडा वेळ जाऊ द्यावा लागतो, प्रेक्षक चुळबुळला तरी नटाने घाबरून शब्दांकडे धावू नये. परीक्षकांनीही ती चुळबुळ दिग्दर्शकाच्या नावावर उणी धरू नये.

एकांकिकांचा हंगाम जवळ आलाय. ज्यात दुःखी माणूस शेवटपर्यंत धड बोलत नाही अशी एकांकिका कुणी बसवत असेल तर मला जरूर कळवा. तालीम बघायलाही येईन.